जित्राबांनी श्वास रोखला

तक्रार आवाजी निरोपातून आली होती आणि आवाज चांगलाच तापलेला होता.

"अवो बाई, म्या डबी पाण्यात टाकली न्हाई, चुलीपाशी ठिवली न्हाई. तरी माझी समदी जित्राबं दोन-दोनदा दम घ्यायला लागल्यात. एक मोठा दम, आन् त्याच्या मागं एक बारीक, धापंसारखा. शेजारणीची बी तशीच. रोग आसंल तर औषीद सांगा. सगुणा ढेबे, उंबरकोंड."

शाल्मली बेंद्रेने निरोप पुन्हा लावला. औषध सांगा! तिला हसू आलं, पण हसता हसता तिने नकाशावर उंबरकोंड शोधलं. पोलादपूरच्या वरच्या अंगाला, घाटाच्या उतारावर चिकटलेली एक धनगरवस्ती. मूठभर घरं, मागे उभा डोंगर.

'जित्राब' हा खेळ शाल्मलीने आणि पुष्कर आगाशेने मिळून बनवला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. तळहातावर मावणारी, पाठीला सौरपट्टी असलेली स्वस्त डबी. तिला इंटरनेट लागत नसे की रोजची वीज. डबीत अंडी असत. ती खिशात घालून चालत राहिलं की अंडी उबत आणि त्यातून जे काही बाहेर येई ते बघायला सगळी आळी गोळा होई: तीन शेपट्यांचा सरडा, पंख फुटलेलं रेडकू, शिंगांची घूस. दोन डब्या एकमेकींना टेकवल्या की जित्राबांची सोयरीक जमायची आणि पिल्लात दोन्ही घराण्यांचे गुण उतरायचे. शहरातली पोरं तर वेडी झालीच, पण ज्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या गुरं पैदाशीला ठेवली जात होती अशा लोकांनी हा खेळ जास्तच मनावर घेतला. कोणत्या वळूला कोणती कालवड द्यायची, हा त्यांच्या रोजच्या बोलण्यातला विषय.

इतर खेळांतल्या प्राण्यांनी कसं वागायचं हे कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं. इथे तसं नव्हतं. प्रत्येक जित्राबाला एक इवलासा मेंदू होता. गणिताच्या जाळ्याचाच, पण शिकणारा. आणि शिकलेलं थोडंफार पिल्लांना वारशात देणारा. बाहेरचं जग या मेंदूला एकाच खिडकीतून दिसे. ती खिडकी म्हणजे डबीतला हालचाल टिपणारा संवेदक. तो बसवला होता पावलं मोजायला. पण पुष्करने गंमत म्हणून एक नियम घातला: डबीला धक्का बसला की जित्राब कोलमडणार, त्याची ताकद जाणार, धक्क्याआधी जे अंग आवळून बसेल ते वाचणार. झालं. ज्यांना धक्क्याची चाहूल लागायची त्यांची पिल्लावळ वाढली, बाकीची घराणी सरली. माणसाने म्हैस दुधासाठी निवडत नेली, तशी या नियमाने जित्राबं चाहुलीसाठी निवडत नेली. फरक एवढाच की इथे हजार पिढ्या उलटायला एक उन्हाळा पुरत होता.

आणि आता ती सगळीकडची जित्राबं श्वास घेऊ लागली होती. हा श्वास ना शाल्मलीने लिहिला होता ना पुष्करने. अंग हळूच फुगायचं, ओसरायचं. कंपनीच्या भाषेत तो 'दोष' होता आणि महिनाअखेरीस निघणाऱ्या नव्या आवृत्तीत तो काढून टाकायचं ठरलं होतं.

शाल्मलीचं काम दोष तपासण्याचं. दुरुस्तीला आलेल्या डब्या ठेवलेलं कपाट तिने उघडलं. सोलापूर, गोंदिया, इंफाळ, जैसलमेर अशा कुठून कुठून आलेल्या, कधीही एकमेकींना न टेकलेल्या डब्या. तिने त्या एकेक सुरू करून टेबलावर मांडल्या आणि खुर्ची ओढून बसली.

सगळी जित्राबं एकदम फुगली. एकदम ओसरली.

तिने घड्याळ लावलं. साधारण सव्वीस सेकंदांनी पुन्हा तेच. सरडे, घुशी, पंखांची रेडकं, नाव नसलेले गोळे, सगळ्यांची छाती एका क्षणी वर आली. कोणी हाक दिली नव्हती, कोणी इशारा केला नव्हता. कॅन्टीनमधून चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थबकली आणि तिने नकळत पायातली चप्पल काढली, देवघरात शिरताना काढावी तशी.

---

"सव्वीस?" फोनवर डॉ. फातिमा मुजावरचा आवाज एकदम बारीक झाला. "नक्की?"

फातिमा शाल्मलीची कॉलेजातली मैत्रीण. डोंगरांच्या कडा का आणि कशा कोसळतात याचा अभ्यास करण्यात तिचा जन्म चालला होता. ती दुसऱ्याच दिवशी साताऱ्याहून आली आणि टेबलापाशी घड्याळ धरून श्वास मोजत बसली.

"शाल्मली, पृथ्वीलाही ठोका आहे," ती शेवटी म्हणाली. "फार मंद. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याजवळ समुद्र कुठेतरी तळाला थापट्या मारतो असं मानतात. त्याची थरथर सगळ्या जगाच्या खडकातून फिरते. साधारण दर सव्वीस सेकंदांनी. आमची यंत्रं खोल खड्ड्यात पुरून ठेवली तर कशीबशी दिसते ती."

"पण या डबीतला संवेदक म्हणजे खेळणं आहे गं."

"एकटा खेळणंच. पण विचार कर. जत्रेच्या गोंगाटात लांबची एक सनई तुला ऐकू येणार नाही. पण तीच धून तू वर्षभर रोज ऐकलीस, आणि तुझ्या आईने, आजीने, पणजीने ऐकून त्यातला तुकडा तुकडा तुला दिला, तर? यांनी तेच केलंय. चाहूल घेता घेता इतक्या खाली कान लावला की धक्क्यांच्या तळाशी जे कायम चाललंय तेच यांना सापडलं." तिने एका सरड्यावरून अलगद बोट फिरवलं. "हा दोष नव्हे. ही जित्राबं पृथ्वीबरोबर श्वास घेताहेत."

मग शाल्मलीने सगुणा ढेबेचा निरोप लावला.

फातिमाच्या चेहऱ्यावरचा आनंद उतरत गेला. बाजाराच्या दिवशी डबी दुकानातल्या यंत्राला टेकवली की जित्राबांची सगळी हकिकत कंपनीकडे पोचायची. शाल्मलीने उंबरकोंडची हकिकत काढली. वस्तीतल्या प्रत्येक डबीत तेच: एक मोठा श्वास आणि त्याला चिकटून दुसरा, तुटक. शेजारच्या वाडीत मात्र एकच.

"खडक आपल्या जागी डोलतोय," फातिमा हळू म्हणाली, "आणि वरची माती त्याच्याबरोबर डोलत नाहीये. ती मागाहून हिसका खातेय. म्हणजे दोघांची पकड सुटलीय. परतीचा पाऊस यंदा किती झाला बघितलंस ना? सगळं पाणी त्या फटीत असणार."

"म्हणजे डोंगर खाली येणार?"

"म्हणजे मला भीती वाटतेय. खात्री वेगळी. खात्रीसाठी यंत्रं न्यावी लागतील, महिना लागेल. तालुक्याला मी आजच कळवते. पण त्यांना काय सांगू? खेळातल्या सरड्याला धाप लागलीय?"

---

पुष्करने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तो उथळ माणूस नव्हता. शाल्मलीला त्याचा राग येत नसे तो याचमुळे.

"तू जाऊ नकोस असं मी म्हणत नाही," तो म्हणाला. "पण पुढचं बघ. तू गेलीस, सांगितलंस आणि काहीच झालं नाही, तर उद्या खरी वेळ येईल तेव्हा कोणी ऐकणार नाही. आणि समज, झालं. मग ही डबी खेळ राहील का? दर घरात पोरं तिच्याकडे भीतीने बघत बसतील. जित्राब शिंकलं तरी गाव पळेल. आपण लोकांच्या हातात आनंद दिला होता, शाल्मली. तू त्याचा अपशकुन करायला निघालीयस."

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तिला जास्तच टोचलं.

"नवी आवृत्ती निघाली की श्वास जाईल?" तिने विचारलं.

"जाईल. सगळं पहिल्यासारखं होईल."

"आणि उंबरकोंड?"

शाल्मलीने पिशवी उचलली.

---

रस्ता संपल्यावर दोघींना तासभर चढावं लागलं. वस्ती हिरव्यागार उतारावर होती. घरांच्या मागे रान, रानामागे काळा कडा. कुठे भेग नाही, कुठे झाड कललेलं नाही. फातिमा रानात शिरून भटकून आली आणि तिने मान हलवली. "वरून काही दिसत नाही. म्हणून नाहीच असंही नाही."

सगुणा चाळिशीची, उंच, बोलायला खणखणीत. नवरा महाबळेश्वरला हॉटेलात कामाला. घरी ती, तिचे सासरे धाकूबाबा आणि दावणीच्या म्हशी. तिने पुढ्यात ताक ठेवलं आणि कमरेची डबी काढून शाल्मलीच्या हातात दिली. डबीतलं समोरचं जित्राब म्हणजे लांब कानांचं, सहा पायांचं रेडकू होतं. ते फुगलं, ओसरलं आणि लगेच कुणी ढकलल्यासारखं पुन्हा दचकलं. कागदावर बघणं वेगळं आणि हातात धरणं वेगळं.

तिने जमेल तसं सगळं सांगितलं. धरणीचा ठोका, खडक, माती, फट. अंगणात वस्ती जमली होती. कोणी हसलं नाही, पण कोणी उठलंही नाही. मग धाकूबाबा बोलले. वय झालेलं, पाठ ताठ, डोक्याला लाल मुंडासं.

"पोरी, तू लांबनं आलीस, तुझं मन चांगलं हाय. पर हितं आमच्या बापजाद्यांची हाडं हायती. डोंगूर खवळला तर म्हस आधी सांगती. दावं तोडती, वरडती. माझ्या म्हशी बघ, निवांत रवंथ करत्यात. म्हशीला कळंना आन् डबीला कळलं?"

"बाबा, म्हशीला कळतं ते शेवटच्या घटकेला," फातिमा म्हणाली. "यांना त्याच्या आधी कळतंय, असं आम्हाला वाटतं."

"वाटतं," म्हाताऱ्याने तो शब्द जमिनीवर ठेवल्यासारखा उच्चारला. "भात कापणीला आलंया. वाटण्यावर घर सोडायचं?"

पुष्करचे शब्द शाल्मलीच्या कानात घुमत होते. खोटं बोलावं का? सरकारचा हुकूम आहे म्हणावं का? ती सगुणाकडे वळली आणि म्हणाली, "ताई, मला नक्की माहीत नाही. पण मी इथली असते तर राहिले नसते."

सगुणा उठली आणि गोठ्यात गेली.

पहिली म्हैस बाहेर आली तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही. दुसरी, तिसरी आली, आणि धाकूबाबा उठून उभे राहिले.

"ए सगुणा! कुठं निघालीस?"

"पल्याडच्या माळावर. चारायला."

"सांजच्याला?"

"मामंजी, घर पडलं तर बांधता येतंय. ह्यास्नी मातीखालनं काढाय कोण येणार?" तिने आवाज चढवला नाही. "तुमी ऱ्हावा. तुमचं घर हाय. पर म्हशी म्या वाढवल्यात."

सुनेने सासऱ्याला असं भर अंगणात तोंडावर बोलणं त्या वस्तीने कधी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा काळवंडला. पण म्हशी पुढे निघाल्या होत्या आणि धनगराचं घर त्याच्या म्हशींमागे जातं. हे त्यांनीच सगळ्यांना आयुष्यभर शिकवलेलं. शेजारणीने आपला गोठा उघडला. मग पलीकडच्या घराने. अंधार पडायच्या आत ओढ्यापलीकडच्या खडकाळ माळावर चुली पेटल्या. सगळ्यांत शेवटी, काठी आपटत धाकूबाबा आले.

---

काही झालं नाही.

दुसरा दिवस गेला. ऊन स्वच्छ पडलं. समोरच्या उतारावर घरं, भाताची पिवळी खाचरं, सगळं चित्रासारखं उभं. तिसऱ्या दिवशी कुजबुज सुरू झाली. कोणी आडूनआडून विचारलं, कोणी सरळ. माणसं शाल्मलीच्या नजरेला नजर देईनाशी झाली. तिला वाटलं, पुष्करचं पहिलं भाकीत खरं ठरलं. फातिमा दुर्बीण लावून बसली होती. तिलाही काही सापडत नव्हतं.

दुपारी धाकूबाबांनी मुंडासं बांधलं. "भात झडाय लागलंया. म्या जातो. ज्यास्नी यायचं त्यांनी या." चार-पाच बाप्ये विळे घेऊन उठले. सगुणा आडवी आली नाही. तिने जे करायचं ते केलं होतं. ती फक्त डबी हातात धरून बसून राहिली.

माणसं ओढ्यापर्यंत उतरली असतील. तेवढ्यात सगुणा म्हणाली, "ताई. हे बघा."

रेडकू थांबलं होतं. त्याने सहाही पाय पोटाशी ओढून घेतले होते, कान पाठीला चिकटवले होते. छाती हलत नव्हती.

"बंद पडली का?" शाल्मलीने स्वतःची डबी काढली. तिच्यातला सरडाही तसाच, मुटकुळं करून. शेजारणीच्या डबीतली घूस तशीच. माळावर जितक्या डब्या होत्या तितक्या लोकांनी बाहेर काढल्या आणि प्रत्येकीत जित्राबांनी श्वास रोखून धरला होता. मोठा श्वास नाही. धापही नाही. एवढा वेळ ज्याला कान लावून बसली होती, तो आवाजच जणू एकाएकी इतका जवळ आला होता की त्यांना हलायची हिंमत होत नव्हती.

"मामंजी!" सगुणाची किंकाळी दरीत घुमली. "मागं फिरा! माझी शपथ हाय तुमास्नी!"

पहिल्यांदाच सुनेने शपथ घातली होती. म्हातारा ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभा होता. त्याने वर बघितलं. मग माळावरच्या सगळ्या म्हशींनी एकदम माना उचलल्या आणि रेकायला सुरुवात केली.

आधी आवाज आला नाही. आधी रान चाललं. उभीच्या उभी झाडं, पानसुद्धा न सांडता, एका रांगेत पुढे सरकली, पालखीबरोबर माणसं निघावीत तशी. भाताची खाचरं दुमडली. घरं क्षणभर त्या हिरव्या लाटेवर तरंगली आणि दिसेनाशी झाली. मग तो आवाज आला. तो कानांनी नाही, तळपायांनी ऐकू आला. लाल धुळीचा लोट ओढ्यापर्यंत येऊन फुटला आणि त्यातून एकेक करून माणसं बाहेर आली, धडपडत, विळे टाकून, एकमेकांना ओढत. धाकूबाबांना दोघांनी खांद्यावर घेतलं होतं.

धूळ बसली तेव्हा समोर उंबरकोंड नव्हतं. कडा होता, आणि त्याखाली उघडा, ओला, चकाकणारा खडक, कोणी नुकताच धुऊन काढल्यासारखा. कोणी रडलं नाही. रडणं नंतरचं. त्या घटकेला सगळी वस्ती तोंडावर हात ठेवून नुसती बघत होती. इतकं मोठं काही आपल्या पायाखाली जागं होतं आणि आपण त्याच्यावर चूल मांडून, लग्नं लावून, पोरं निजवून राहत होतो.

धाकूबाबा सुनेपाशी येऊन बसले. त्यांनी हात पुढे केला. सगुणाने डबी त्यांच्या तळहातावर ठेवली. रेडकाने पाय सोडले होते, कान उभारले होते, आणि ते संथपणे श्वास घेत होतं. म्हाताऱ्याने ते डोळ्यांजवळ नेलं.

"काय खातं गं ह्ये?" त्यांनी विचारलं.

---

फोनला रेंज मिळावी म्हणून शाल्मली माळाच्या टोकावर चढून गेली. शेजारच्या वाडीतून बाहेर पडलेली बातमी पुष्करपर्यंत आधीच पोचली होती.

"नवी आवृत्ती थांबवलीय," तो म्हणाला. "पण मी म्हणालो होतो ते आता होणार. तयार आहेस? आजपासून हा खेळ राहिला नाही."

"माहितीय," ती म्हणाली. "पुष्कर, आपण यांना फक्त पडण्यापासून वाचायला शिकवलं होतं रे. पुढचं सगळं यांचं यांनी."

"हं." त्याचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता. "तुला नकाशा पाठवलाय. देशभरची हकिकत चाळली मी. बघ."

तिने नकाशा उघडला. सह्याद्रीच्या कण्यावरून, मग वर हिमालयाच्या पायथ्याशी, ईशान्येच्या टेकड्यांत, डोळ्यांत धूळ गेल्यासारखे लाल ठिपके. जिथे जिथे जित्राबं दोनदा श्वास घेत होती ती गावं. काही ठिकाणी नुकतीच घेऊ लागली होती, काही ठिकाणी कधीपासून. प्रत्येक ठिपक्याखाली अंगणं, गोठे, कापणीला आलेलं काही ना काही. आणि प्रत्येक ठिकाणी म्हणणारा कोणीतरी, की माझ्या म्हशी निवांत आहेत.

फातिमा मागून येऊन उभी राहिली होती. तिने नकाशा बघितला, शाल्मलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपली वही-दुर्बीण पिशवीत भरायला लागली.

पलीकडच्या डोंगरावर उन्हाचा पट्टा सरकत होता. एवढा शांत डोंगर. शाल्मलीला तो पहिल्यांदाच जिवंत दिसला, कुशीवर झोपलेल्या एखाद्या अफाट जनावरासारखा, आणि तिला भीती वाटली नाही. त्याच्याकडे हात जोडावेत असं वाटलं. मग तिने नकाशावरच्या सगळ्यांत जवळच्या ठिपक्याखालचा नंबर लावला. बऱ्याच वेळाने एका बाईने उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता, कोणीतरी लहान मूल हसत होतं.

"कोण बोलतंय?"

"नमस्कार ताई. मी शाल्मली. तुमच्या डबीतल्या जित्राबाबद्दल बोलायचं होतं," ती म्हणाली. "हातातलं काम जरा बाजूला ठेवून, बसून ऐकाल का?"